धोकादायक इमारतीत माणसं का राहतात?

मे महिना संपत आला की मुंबईत दोन याद्या येतात. एक महापालिकेची, दुसरी म्हाडाची. २०२४च्या पावसाळ्याआधी महापालिकेच्या यादीत १८८ अतिधोकादायक इमारती होत्या, म्हाडाच्या यादीत २०. यादीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते. आपण आपल्या वॉर्डापर्यंत स्क्रोल करतो, ओळखीचं नाव दिसलं नाही की फोन खिशात टाकतो. मग जुलैत कुठंतरी एक इमारत कोसळते आणि बातमीत एक वाक्य हमखास असतं: रहिवाशांना नोटीस देण्यात आली होती.

ते वाक्य वाचलं की पुढचा प्रश्न डोक्यात आपोआप उमटतो. मग राहिले कशाला तिथं? बातमीखालच्या कमेंटींमध्ये तर तो शिवीसकट येतो. फुकटे आहेत, जागेचा मोह सुटत नाही, मरायचीच हौस. मला हा प्रश्न खोटा वाटत नाही, पण तो विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, ही अडचण आहे. मी काही महिने जुने कायदे, अहवाल आणि खटले वाचत गेले, तेव्हा लक्षात आलं की या शहरात ‘घर रिकामं करा’ हे वाक्य सव्वाशे वर्षं बोललं जातंय, आणि ज्यांनी ते ऐकलं त्यांचं पुढं काय झालं हे चाळीतल्या माणसाला आपल्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा. त्यातलं कलम ३५४ आजही नोटिशीच्या डोक्यावर छापलेलं असतं. मथितार्थ सोपा आहे. मोडकळीला आलेली, पडायला झालेली, किंवा आत राहणाऱ्याला, तिथं ये-जा करणाऱ्याला, शेजारून चालणाऱ्याला धोका असलेली वास्तू आयुक्तांच्या नजरेला आली, तर त्यांनी मालकाला किंवा राहणाऱ्याला लेखी कळवायचं: पाडा, टेकू देऊन सुरक्षित करा, नाहीतर दुरुस्त करा. भोवती कुंपण घाला, असंही सांगता येतं. मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी १९४९च्या कायद्यात कलम २६४ आहे, नगरपरिषदांसाठी १९६५च्या कायद्यात कलम १९५ आहे. सूर तोच. बाहेर काढलेल्या माणसानं रात्री कुठं झोपायचं, हे मात्र १८८८च्या त्या कलमात शोधून सापडत नाही. तेव्हा तो प्रश्न नगरपालिकेचा मानलाच जात नव्हता. वास्तू मालकाची, भाडेकरूही मालकाचा. शहरानं एवढंच बघायचं की भिंत कुणाच्या डोक्यात पडू नये.

भिंत पडण्याआधीच दुसरं संकट आलं. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. भारतातला सिनेमाचा पहिला खेळ तो. त्याच वर्षी सप्टेंबरात, तिथून फार लांब नसलेल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या गाव गाठायला निघून गेली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला आणि सरकारी माणसांना घरात शिरायचा, घर रिकामं करायचा, पाडायचा अधिकार मिळाला. पुण्यात या अधिकाराच्या वापराचं काय झालं, रँडचा खून कसा झाला, ते आपण शाळेत शिकलो. मुंबईत काय झालं ते फारसं शिकवत नाहीत.

मुंबईत घरांवर अक्षरं रंगवली गेली. यू.एच.एच. म्हणजे ‘माणसाने राहण्यास अयोग्य’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. उजेड आत यावा म्हणून छपराची कौलं काढली, जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला. आजच्या ‘सी-१’ पाटीची पणजी शोधायची तर ती इथं सापडते. फरक असा की तेव्हा घर पडेल ही भीती नव्हती. घर स्वतःच आजारी आहे, अंधार आणि दमट हवा हाच रोग आहे, अशी समजूत होती. (प्लेगच्या प्रसारात उंदरांवरच्या पिसवांचा वाटा नंतर सर्वमान्य झाला. तोवर बऱ्याच घरांची कौलं उतरून झाली होती.)

याच समजुतीतून १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. वेगळी संस्था का लागली, हा यातला मजेशीर भाग. महापालिकेत घरमालकांचा वरचष्मा होता. चाळीत हवा-उजेड हवा, दोन इमारतींत अंतर हवं, असे नियम कडक करायचे म्हणजे स्वतःच्याच भाड्यावर पाणी सोडायचं. ते त्यांनी केलं नाही. म्हणून सरकारनं त्यांना वळसा घालून ट्रस्ट उभा केला. ट्रस्टनं नागपाड्यापासून सुरुवात केली, दाट वस्ती फोडून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनीतल्या झाडांखालून चालताना आपल्याला बरं वाटतं त्याचं श्रेय ट्रस्टला द्यावंच लागतं.

पण ज्यांची घरं पाडून रस्ते निघाले ती माणसं हिंदू कॉलनीत गेली नाहीत. नुकसानभरपाई जमिनीच्या आणि घराच्या मालकाला मिळे. भाडेकरूच्या हातात पडे ती खोली सोडायची सूचना. ट्रस्टनं चाळी बांधल्या, पण पाडण्याचा वेग आधी आणि बांधण्याचा नंतर असा क्रम राहिला. गोदीत किंवा बाजारात हमाली करणाऱ्याला कामापासून लांब जाणं परवडत नसे. मग तो काय करी? बिऱ्हाड उचलून पुढच्या गल्लीतल्या, अजून न पाडलेल्या चाळीत, कुणातरी गाववाल्याच्या खोलीत शिरे. एका गल्लीतली गर्दी मोडली की दुसऱ्या गल्लीतली वाढली. ‘अयोग्य’ घर पाडल्यानं आणखी एक अयोग्य घर तयार होत होतं. ट्रस्टचा कारभार पुढं १९३३मध्ये महापालिकेत विलीन झाला, रस्ते राहिले. आणि एक धडाही राहिला, जो कुठल्या अहवालात लिहिलेला नाही पण चाळीच्या गॅलरीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला: एकदा खोली सोडली की परत मिळत नाही.

१९२०च्या सुमारास सरकारनं स्वतःच चाळी बांधायला घेतल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ इमारती झाल्या. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथं सोडून देते. आपल्या गोष्टीला खरं वळण देणारी तारीख आहे १ सप्टेंबर १९४०.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात माणसं वाढली, घरं वाढली नाहीत, भाडी भडकणार हे दिसत होतं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. त्या क्षणी हा निर्णय योग्यच होता. नाहीतर गिरणीकामगाराला फुटपाथशिवाय जागा उरली नसती. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक टिकला. १९९७च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर आलेला नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय झाली. ज्या भाड्यात एक वडापावसुद्धा येत नाही त्याचे चार टक्के काढून बघा.

अशा भाड्यात मालक सागवानी तुळई बदलेल, मोरीची गळती काढेल, जिन्याला नवा कठडा बसवेल, ही अपेक्षा कुणी ठेवायची? त्यानं ठेवली नाही, भाडेकरूनंही ठेवली नाही. दोघांनी मिळून एक वेगळीच व्यवस्था चालवली, पागडी. खोली घेताना मोठी रक्कम द्यायची, मग महिन्याला नावाचं भाडं. हा व्यवहार बेकायदा होता. २०००च्या कायद्यानं त्याला मान्यता दिली. म्हणजे भाडेकरूच्या लेखी खोली विकत घेतलेली, मालकाच्या लेखी भाड्यानं दिलेली, आणि भिंतीतून पाणी झिरपत असेल तर ती कुणाचीच नाही.

माझी आत्या गिरगावात अशाच एका इमारतीत राहायची. जिन्याखाली लाकडी टेकू लावलेले, इतके जुने की पोरांनी त्यांवर नावं कोरली होती. एका पावसाळ्याआधी नोटीस आली तेव्हा मी तिला म्हटलं, “आत्या, चार महिने आमच्याकडे ये ना राहायला. पाऊस संपला की बघू.”

“येईन गं. तुझ्याकडे यायला मला काय झालंय?” ती म्हणाली. “पण मी गेले आणि ही पाडली, तर माझी पावती कुणी मानेल का, ते विचारून ये आधी. दुसऱ्या मजल्यावरचे काका गेले होते बिल्डरनं दिलेल्या जागेत, दोन वर्षांसाठी म्हणून. त्यांची नात आता कॉलेजात जाते. तिथूनच.”

भाड्याच्या पावत्या ती स्टीलच्या डब्यात ठेवायची, मंगळसूत्राच्या डबीशेजारी. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. आता वाटतं, तिच्याकडे असलेली माहिती वापरून तिनं केलेला तो हिशोब होता. इमारत या पावसात पडण्याची शक्यता थोडी, खोली हातची जाण्याची शक्यता बरीच. तुम्ही काय निवडलं असतं?

साठच्या दशकात पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळण्याचे प्रकार इतके वाढले की सरकारला हात घालावा लागला. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि १९७१पासून मंडळ कामाला लागलं. कल्पना धाडसी होती. मालक दुरुस्ती करत नाही, तर सरकार करेल. त्यासाठी घरपट्टीबरोबर उपकर, म्हणजे सेस, वसूल होईल. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या १९,६४२ इमारती यात आल्या. त्यातल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४०च्या आधीच्या. पुन्हा तीच तारीख. ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द तिथून आला. मंडळ पुढं म्हाडाचा भाग झालं.

जगात फार कमी शहरांत सरकारनं हजारो खासगी इमारतींची डागडुजी अंगावर घेतली असेल. मंडळानं टेकू लावले, तुळया बदलल्या, हजारो कुटुंबांचं छप्पर टिकवलं. हे सांगितलं पाहिजे, कारण म्हाडाला नावं ठेवणं सोपं आहे. पण दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा होती. खर्च त्याच्या पलीकडे जाणार असेल तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची, पाडून नवी बांधायची, आणि तोवर रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवायचं. ट्रान्झिट कॅम्प. नावातच तात्पुरतेपणा आहे. प्रत्यक्षात अरुंद भूखंड, मालकांचे वाद, निधीची चणचण यांमुळं कित्येक इमारतींच्या जागी काही उभंच राहिलं नाही. शिबिरात माणसं दोन-दोन, तीन-तीन दशकं राहिली. मूळ इमारतीत परत जाऊच न शकणाऱ्यांसाठी एक ‘बृहत्‌सूची’ तयार करावी लागली. आणि काही ठिकाणी शिबिराच्या इमारतीच मोडकळीला आल्या. धोकादायक घरातून सुरक्षित जागी नेलेल्या माणसाला त्या जागेतून पुन्हा हलवायची वेळ आली.

हे सगळं एकदा माहीत झालं की कोसळलेल्या इमारतींच्या बातम्या वेगळ्या वाचल्या जातात. ३१ ऑगस्ट २०१७ला, मुंबई पाण्याखाली गेली त्याच्या दोनच दिवसांनी, भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली. ३३ माणसं गेली. ती इमारत मोठ्या पुनर्विकास योजनेतली होती, बरीच कुटुंबं आधीच हलली होती. जी मागं राहिली ती मेली. जुलै २०१९मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. ढिगाऱ्याखालून माणसं काढणं चालू होतं तेव्हाच एक वाद रंगला: पडलेला भाग नक्की कुणाचा? म्हाडाचं म्हणणं, तो मागं अनधिकृतपणे वाढवलेला भाग, आमच्या उपकराखाली येत नाही. महापालिकेनं २०१७मध्येच इमारत अतिधोकादायक ठरवल्याचं पत्र समोर आलं. दोन्ही बाजूंकडे कागद होते. कागद असणं हीच या व्यवस्थेत सुटका असते. नोटीस देणाऱ्याची.

ज्या इमारतीत मालक, नोटीस देणारा आणि दुरुस्ती करणारा एकच होता, तिथं काय झालं? २७ सप्टेंबर २०१३ला माझगावात डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पहाटे कोसळली आणि ६१ माणसं गेली. इमारत महापालिकेची, राहणारी कुटुंबं महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. इथं गोठवलेल्या भाड्याची सबब नव्हती, पागडी नव्हती, इमारत प्लेगच्या काळातलीही नव्हती, तिशीतली होती. म्हणून मला ही घटना सगळ्यात अस्वस्थ करते. भाडे नियंत्रण कायद्यानं इमारती मेल्या, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी बाबू गेनू मंडईचं काय ते सांगावं.

त्याच वर्षी ४ एप्रिलला ठाण्याजवळ शिळफाट्याला सात मजली इमारत कोसळून ७४ माणसं दगावली. ती तर काही महिन्यांत उभी केलेली बेकायदा इमारत, वर आणखी मजला चढत होता. खाली माणसं राहायला आणून ठेवली होती. भरलेली इमारत पाडायला पालिका कचरते, हे बांधणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. ‘लोक राहतात, कसं पाडणार?’ ही जी सहानुभूती आहे तिचीही या धंद्यात किंमत लावलेली असते. या प्रकरणात बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. मे महिन्याच्या यादीत अशी इमारत कधीच येत नाही, कारण यादी जुन्या भेगा शोधते.

२०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कलम ३५४च्या अंमलबजावणीसाठी कार्यपद्धती घालून दिली. आज आपण ज्या श्रेणी ऐकतो त्या या कार्यपद्धतीत आहेत: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२मध्ये दोन पोटप्रकार, दुरुस्तीसाठी रिकामी करावी लागणारी आणि न करता दुरुस्त होणारी, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. मालकाचा अभियंता म्हणतो पाडा आणि भाडेकरूंचा म्हणतो दुरुस्त होईल, असं झालं की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. हे वारंवार होतं, कारण सी-१चा शिक्का भाडेकरूला बाहेर काढायचा सोपा रस्ताही ठरू शकतो. वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची हीच कथा. २०१९मध्ये ती रिकामी केली. आयआयटी मुंबईचा अहवाल पाडण्याच्या बाजूचा, वारसा जपणाऱ्यांच्या बाजूचे अभियंते म्हणत होते की ओतीव लोखंडाचा हा सांगाडा दुरुस्त होतो. इमारत एक, भेगा त्याच.

या कार्यपद्धतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट बातम्यांत येत नाही. इमारत पाडण्याआधी पालिकेनं प्रत्येक भाडेकरूच्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून नोंद करायची, आणि पाडल्यामुळं त्याचा हक्क संपत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही एका खटल्यात म्हटलं की इमारत गेली तरी भाडेकरार जात नाही, कारण त्यात खालची जमीनही धरलेली असते. १८८८च्या कलमात जी जागा रिकामी होती तिथं १२६ वर्षांनी दोन ओळी लिहिल्या गेल्या. तुमच्या घरी, आजीकडे, मावशीकडे नोटीस आली असेल तर तो मोजणीचा कागद आधी मागा. सही-शिक्क्यासकट. मग बॅगा भरा.

हक्क टिकला तरी नवी इमारत बांधायची कुणी, हा प्रश्न उरतोच. १९८६मध्ये सरकारनं म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं, आठ-अ. सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून अर्ज केला तर सरकार जमीन-इमारत संपादन करून त्यांना देईल. मालकाला मोबदला साधारण शंभर महिन्यांच्या भाड्याइतका. १९४०च्या भाड्यावर शंभर महिने. मालक कोर्टात गेले. १९९१मध्ये उच्च न्यायालयात हरले, १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचले. तिथं खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येते का, हा घटनेच्या अनुच्छेद ३९(ब)चा प्रश्न निघाला. तीन न्यायाधीशांनी तो १९९६मध्ये पाचांकडे पाठवला, पाचांनी २००१मध्ये सातांकडे, सातांनी २००२मध्ये नऊ जणांकडे.

नऊ जणांचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ला लागला. प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असं बहुमतानं सांगितलं. देशभर त्यावर अग्रलेख आले, समाजवाद की बाजार अशी चर्चा झाली. त्या खटल्याची सुरुवात मुंबईतल्या मोडक्या इमारतींच्या एका प्रकरणातून झाली, हे त्या चर्चेत क्वचितच कुणी काढलं. नऊ जणांपुढं प्रश्न अनुच्छेदाचा होता. आठ-अ प्रकरण टिकतं की नाही, हा मूळ वाद त्यांनी पुन्हा नेहमीच्या खंडपीठाकडे पाठवला. मधल्या काळात, २०२२मध्ये, कायद्यात आणखी एक दुरुस्ती आली आहे: धोकादायक ठरलेल्या सेस इमारतीच्या मालकाला सहा महिने, त्यानं काही केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तेही झालं नाही तर म्हाडानं संपादन करून बांधायचं.